दुपारची तार आणि रात्रीची चकमक: पोलिसांच्या गोळीबाराचा जाब न्यायालयात कसा मागितला गेला

पोलिसांच्या गोळीबारात माणूस मेला आणि तो गोळीबार असमर्थनीय होता असा संशय असला, तर कायद्याने जाब विचारणे प्रत्यक्षात कसे घडते, हे एका प्रकरणाच्या आधारे येथे मांडले आहे. प्रकरण खरे आहे. ते मुंबईतील असून महानगर दंडाधिकाऱ्यांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. संबंधितांची नावे मुद्दाम वगळली आहेत, कारण येथे पाहायची आहे ती प्रक्रिया: कोणत्या टप्प्यावर कोणी काय ठरवले, आणि त्या ठरवण्याने पुढे काय शक्य झाले व काय कायमचे निसटले.

पार्श्वभूमी

शनिवार, ११ नोव्हेंबर २००६. दुपारी साडेबाराच्या सुमारास नवी मुंबईतील वाशी येथून दोन माणसांना साध्या वेशातील काही जणांनी गाडीत घालून नेले. त्यांतील एकावर पूर्वी गुन्हे दाखल होते आणि तो एका टोळीचा माणूस असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. दुसरा त्याचा मित्र होता. त्याच दिवशी रात्री आठच्या सुमारास मुंबईच्या पश्चिम उपनगरात, वर्सोव्यातील एका बागेजवळ, पहिला माणूस पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाला.

पोलिसांनी नोंदवलेली हकीकत ठरावीक साच्यातली होती. एक फरार गुंड कोणाला तरी भेटायला येणार असल्याची खबर मिळाली, सापळा रचला, त्याला शरण येण्यास सांगितले, त्याने गोळी झाडली आणि पोलिसांनी स्वतःच्या बचावासाठी प्रत्युत्तर दिले. त्यावरून जो गुन्हा नोंदला गेला तो मेलेल्या माणसाविरुद्ध होता, पोलिसांवर जीवघेणा हल्ला केल्याचा. गोळी झाडणारे या नोंदीत फिर्यादी आणि साक्षीदार झाले, आणि ज्याचा जीव गेला तो आरोपी. आरोपी हयात नसल्याने अशा गुन्ह्याचा तपास कागदोपत्री संपवणे सोपे असते. बहुतेक चकमकींचा तपास नेमका येथेच थांबत आलेला आहे.

या प्रकरणात तो थांबला नाही, याचे कारण त्या दुपारी घडलेल्या दोन गोष्टी. मित्राच्या पत्नीने वाशी पोलीस ठाण्यात आपला नवरा नाहीसा झाल्याची नोंद केली. आणि मृताचा भाऊ, जो व्यवसायाने वकील होता, त्याने भावाला उचलल्याचे कळताच वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा व फॅक्स पाठवले. माझ्या भावाला पोलिसांनी ताब्यात घेतले आहे आणि त्याला चकमकीत मारले जाण्याची भीती आहे, असा त्यांचा आशय होता. हे संदेश गेले तेव्हा कागदोपत्री दाखवलेल्या चकमकीला अजून काही तास अवकाश होता.

तारेवर तार कार्यालयाचा शिक्का आणि वेळ असते. फॅक्सच्या कागदावर वरच्या कडेला यंत्र आपोआप वेळ छापते. ही वेळ ना फिर्यादी ठरवतो ना पोलीस. हे तपशील त्या संध्याकाळी कोणाला महत्त्वाचे वाटलेही नसतील, पण सतरा वर्षांनंतर उच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली तेव्हा ज्या पुराव्यांवर भर दिला त्यांत या तारा आणि फॅक्स होते.

प्रश्नाचे स्वरूप

चकमकीच्या खटल्यात वाद बहुधा शेवटच्या काही सेकंदांभोवती फिरवला जातो: आधी कोणी गोळी झाडली, शस्त्र हातात होते का, अंतर किती होते. या सेकंदांचे साक्षीदार गोळी झाडणारेच असतात. त्यामुळे वाद तेवढ्यापुरता राहिला तर फिर्यादी पक्षाच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

भावाने आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांनी हा प्रश्न वेगळ्या जागी नेला, आणि मला यातच त्यांची खरी समज दिसते. त्यांचा मूळ प्रश्न होता: दुपारी साडेबारापासून रात्री आठपर्यंत हा माणूस कोठे होता? तो पोलिसांच्या ताब्यात असेल, तर तो बागेजवळ कोणाला भेटायला स्वतंत्रपणे येऊच शकत नाही, त्याच्याजवळ भरलेले शस्त्र असू शकत नाही, आणि स्वसंरक्षणाची संपूर्ण हकीकत मुळासकट कोसळते. शिवाय एखादी गोष्ट एखाद्याच्याच खास माहितीतली असेल तर तिचा खुलासा त्यानेच करायचा, असे तेव्हाच्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम १०६ सांगत होते. ताबा एकदा सिद्ध झाला की त्या माणसाचे पुढे काय झाले, हे सांगण्याची जबाबदारी ताबा घेणाऱ्यांवर येते.

कायदा तेव्हा काय सांगत होता

पोलिसांना ठार मारण्याचा वेगळा अधिकार कायद्याने कधीच दिलेला नाही, ही गोष्ट सार्वजनिक चर्चेत फार वेळा विसरली जाते. अटकेला विरोध करणाऱ्यावर आवश्यक तेवढे बळ वापरता येते, पण ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही अशा माणसाचा जीव घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६ स्पष्टपणे म्हणत होते. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ४३ मध्ये आहे. याखेरीज पोलिसाला असतो तो खासगी बचावाचा हक्क, जो कोणत्याही नागरिकाला असतो, आणि तो हक्क वापरला हे दाखवण्याचा भार बचाव घेणाऱ्यावर असतो. आपल्या अधिकाराबाहेर जाऊन पण सद्भावनेने आणि वैरभावाशिवाय मृत्यू घडवणाऱ्या लोकसेवकासाठी खुनाच्या व्याख्येला एक अपवाद आहे. आधीच ताब्यात असलेल्या माणसाला गोळी घालणाऱ्याला मात्र त्या अपवादाचा आसरा घेता येत नाही.

दुसरा अडसर म्हणजे खटला चालवण्यासाठी लागणारी सरकारची पूर्वमंजुरी, तेव्हाचे कलम १९७. तिचा हेतू रास्त आहे, कारण कर्तव्य बजावताना घेतलेल्या प्रत्येक निर्णयावर खटले पडू लागले तर कोणताही अधिकारी काम करू शकणार नाही. तरीही न्यायालयांनी सातत्याने असे धरले आहे की हे संरक्षण ज्या कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध आहे तेवढ्याच कृत्याला मिळते.

चौकशीची वाटही कायद्यात होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २९ मार्च १९९७ रोजी सर्व राज्यांना कळवले होते की चकमक करणारे ज्या ठाण्याचे असतील त्या ठाण्याकडे तपास ठेवू नये, तो राज्य गुन्हे अन्वेषण विभागासारख्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा. आणि २३ जून २००६ पासून, म्हणजे या घटनेच्या जेमतेम पाच महिने आधी, संहितेत कलम १७६(१अ) लागू झाले होते. त्यानुसार पोलीस कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करायची होती. अडचण अशी की मृत्यू कोठडीतला आहे हेच पोलिसांना मान्य नव्हते, आणि चकमक म्हटले की हे कलम आपोआप लागू होत नाही असा पवित्रा घेता येत होता.

समोर असलेले पर्याय

पोलिसांच्या अंतर्गत चौकशीची वाट पाहणे हा पहिला पर्याय होता. ज्या दलातील अधिकाऱ्यांवर संशय होता, चौकशीही तेच दल करणार होते.

दुसरा पर्याय होता दंडाधिकाऱ्याकडे खासगी तक्रार करणे किंवा कलम १५६(३) खाली गुन्हा नोंदवण्याचा आदेश मागणे. ही वाट स्वस्त आणि जवळची असली तरी तिचा शेवट बहुधा त्याच पोलीस ठाण्यात होतो. दंडाधिकारी तपासाचा आदेश देतो, तपास पोलीस करतात, आणि काही महिन्यांनी गुन्हा शाबीत होत नसल्याचा अहवाल येतो. खासगी तक्रार स्वतः चालवायची म्हटले तर पुरावे गोळा करण्याचे कोणतेही साधन तक्रारदाराच्या हाती नसते. मृताचे कपडे, गोळ्या, शस्त्रांची नोंदवही, स्टेशन डायरी, फोनचे तपशील हे सारे पोलिसांच्याच ताब्यात असते.

मानवी हक्क आयोगाकडे जाणे हा तिसरा. आयोग चौकशी करू शकतो आणि भरपाईची शिफारस करू शकतो, पण कोणाला दोषी ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. भरपाईचा प्रश्न निराळ्या प्रकारेही सोडवता आला असता. राज्याच्या ताब्यातील मृत्यूसाठी घटनात्मक न्यायालये थेट भरपाई देऊ शकतात हे १९९३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने निलाबती बेहरा प्रकरणात ठरवले होते. कुटुंबाच्या दृष्टीने भरपाई क्षुल्लक नसते, आणि तिला कमी लेखणाऱ्यांनी एकदा कमावता माणूस गेलेल्या घरात जाऊन पाहावे. पण ती सरकारी तिजोरीतून जाते, आणि गोळी झाडणाऱ्याच्या नोकरीवर तिचा ओरखडाही उठत नाही.

चौथा पर्याय, जो भावाने निवडला, तो म्हणजे मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका. खर्च जास्त, वेळ अनिश्चित, आणि सुरुवातीपासूनच वस्तुस्थितीबद्दलचे वाद उच्च न्यायालय रिट याचिकेत ठरवत नाही अशी हरकत येणार हे उघड होते. तरीही तपास कोणी करायचा हे ठरवण्याची ताकद फक्त या न्यायालयाकडे होती. याचिकाकर्ता स्वतः वकील असल्याने त्याला ही वाट दिसली आणि परवडली, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या कुटुंबात वकील नाही त्याला ती दिसतही नाही.

उचललेली पावले

घटनेनंतर काही दिवसांतच याचिका दाखल झाली. मृताच्या मित्राला त्या वेळी पोलिसांनी डांबून ठेवलेले होते, आणि तो सुमारे महिनाभर तसाच बेकायदा ताब्यात राहिला. म्हणजे ताब्यात घेतल्याचा प्रत्यक्ष साक्षीदार जिवंत होता, पण ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्यांच्याच हातात होता.

फेब्रुवारी २००८ मध्ये उच्च न्यायालयाने महानगर दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशीचा आदेश दिला. ऑगस्ट २००८ मध्ये दंडाधिकाऱ्याचा अहवाल आला, आणि मृत्यू पोलिसांच्या ताब्यात असताना झाला असा त्याचा निष्कर्ष होता. यानंतर गुन्हा लगेच नोंदला जाईल असे कोणालाही वाटेल. तो नोंदायला आणखी एक वर्ष लागले. ऑगस्ट २००९ मध्ये उच्च न्यायालयाने पोलीस उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले आणि त्यानंतर खुनाचा गुन्हा दाखल झाला. माणूस मेल्यापासून त्याच्या खुनाची फिर्याद नोंदली जाईपर्यंत तेहतीस महिने गेले होते.

जानेवारी २०१० पासून अटका सुरू झाल्या. आरोपींत पोलीस होते आणि पोलिसांना मदत केल्याचा आरोप असलेले खासगी लोकही होते. अभियोग पक्षाचे म्हणणे असे होते की एका मालमत्ता दलालाच्या वैरातून ही हत्या घडवून आणली गेली. सत्र न्यायालयाने काही पोलिसांना जामीन दिला, उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चकमकीचे तत्त्वज्ञान हे गुन्हेगारी तत्त्वज्ञान आहे असे म्हटले, आणि बनावट चकमक सिद्ध झाल्यास ती दुर्मिळातील दुर्मिळ घटना मानून फाशी द्यावी इतपत कठोर मत नोंदवले. हे शब्द खूप गाजले. माझ्या मते त्या निकालाचे खरे वजन त्यांच्यात नव्हते. साक्षी होण्याआधी आरोपी पोलीस बाहेर राहिले तर साक्षीदारांचे काय होईल, या साध्या भीतीची तेथे दखल घेतली गेली, आणि ती भीती तोवर खरी ठरलेली होती.

कारण मार्च २०११ मध्ये, न्यायालयात साक्ष देण्याच्या अवघे काही दिवस आधी, तो मित्र घराबाहेर पडला आणि परतला नाही. पुढे मनोर परिसरात एक मृतदेह सापडला. तो ओळखण्याच्या पलीकडे गेलेला होता आणि त्याची ओळख डीएनए चाचणीने पटवावी लागली.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णायक टप्पा त्या दुपारचा. भावाला दोन गोष्टी करता आल्या असत्या: ओळखीच्या अधिकाऱ्यांना फोन लावत बसणे, किंवा लेखी कळवणे. फोनवर बोललेले कोणीही नाकारू शकतो. तो लेखीकडे वळला, एकाच अधिकाऱ्याकडे न थांबता अनेकांना कळवले, आणि भीती कशाची आहे हे आडपडदा न ठेवता लिहिले. चकमकीनंतर केलेली कोणतीही तक्रार नंतर सुचलेली कथा म्हणून बाजूला सारता येते. चकमकीआधी कोणीतरी चकमकीचीच भीती लिहून कळवली असेल, तर त्याला योगायोग म्हणणे फार अवघड होते.

याच टप्प्याची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. हे संदेश वरिष्ठांच्या कार्यालयांत पोहोचूनही माणूस वाचला नाही. नियंत्रण कक्षातून एक बिनतारी संदेश गेला असता, एखाद्या अधिकाऱ्याने ठाण्यात जाऊन कोठडी पाहिली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. पुराव्याच्या दृष्टीने त्या तारा मोलाच्या ठरल्या, पण त्या लिहिल्या होत्या जीव वाचवण्यासाठी.

दुसरा टप्पा दंडाधिकाऱ्याच्या चौकशीचा. ही चौकशी म्हणजे खटला नव्हे आणि तिचा निष्कर्ष आरोपींवर बंधनकारक नसतो, म्हणून तिला औपचारिकता समजण्याकडे कल असतो. या प्रकरणात तिच्यामुळे पोलिसांच्या कागदाच्या शेजारी दुसरा अधिकृत कागद प्रथमच उभा राहिला. तोवर एका बाजूला सरकारी नोंद होती आणि दुसऱ्या बाजूला एका गुन्हेगाराच्या भावाचे म्हणणे. अहवालानंतर हा तराजू बदलला.

तिसरा टप्पा तपास कोणाकडे द्यायचा हा. पथकाचा प्रमुख पोलीस अधिकारीच होता. मुंबईतील पोलिसांविरुद्ध पोलिसानेच तपास करावा का, हा आक्षेप योग्यच आहे, आणि सर्वसाधारण नियम म्हणून मी या पद्धतीचा पुरस्कार करणार नाही. येथे ती बऱ्याच अंशी चालली, कारण पथक न्यायालयाने नेमलेले होते. शिवाय चकमकीचे कागद आतून वाचता येणारा माणूस तपासावर होता. कोणती नोंद कोणत्या वहीत कधी व्हायला हवी, शस्त्र कोणाच्या सहीने बाहेर जाते, पंचनाम्यातील वेळ आणि डायरीतील वेळ जुळते का, हे खात्यातल्या माणसाला चटकन दिसते. मृतदेहातून निघालेली गोळी आणि एका अधिकाऱ्याच्या नावे दिलेले शस्त्र यांचा मेळ, मोबाइल फोनचे कॉल तपशील आणि ताब्यात घेतल्यासंबंधीच्या साक्षी, अशी साखळी उभी राहिली ती कागदांच्या चिकाटीच्या वाचनातून.

चौथा टप्पा शिक्षेनंतरचा आहे आणि त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने शिक्षा झालेल्यांपैकी ११ पोलिसांची शिक्षा सहा महिन्यांसाठी निलंबित केली. अपील उच्च न्यायालयात प्रलंबित असताना कार्यकारी यंत्रणेने आपल्याच कर्मचाऱ्यांना दिलेली ही सवलत होती. तिला आव्हान द्यावे लागले आणि उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ज्या कुटुंबाने खटल्यासाठी सात वर्षे घालवली त्याला निकालानंतरही पहारा द्यावा लागतो, हे येथे दिसते.

निष्पत्ती

जुलै २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने २२ पैकी २१ आरोपींना दोषी धरून जन्मठेप दिली. त्यांत १३ पोलीस आणि ८ खासगी व्यक्ती होत्या. ज्याच्या हाताखाली चकमक करणारे पोलीस पथक काम करत होते असा आरोप होता त्या वरिष्ठ निरीक्षकाला मात्र निर्दोष सोडण्यात आले. योगायोग असा की त्याच महिन्यात देशातील तार सेवा कायमची बंद झाली.

त्या सुटकेविरुद्ध अपिले झाली. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून वरिष्ठ निरीक्षकालाही जन्मठेप सुनावली, १२ पोलीस आणि एका खासगी व्यक्तीची दोषसिद्धी कायम ठेवली आणि सहा खासगी व्यक्तींना मुक्त केले. दोन आरोपी अपील प्रलंबित असतानाच मरण पावले होते. गणवेशातील कायद्याच्या रक्षकांना गुन्हेगारांसारखे वागू देता येणार नाही, असे न्यायालयाने नमूद केले. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि वरिष्ठ निरीक्षकाला तेथे अंतरिम संरक्षण मिळाले.

घटनेपासून या निकालापर्यंत सतरा वर्षे आणि चार महिने लागले.

काय वेगळे करता आले असते

तेहतीस महिन्यांचा तो उशीर सर्वांत महाग पडला. घटनास्थळ, रक्त, रिकाम्या पुंगळ्या, मृताच्या हातांचे नमुने हे सारे पहिल्या चोवीस तासांचे पुरावे आहेत, आणि ते कायम त्याच यंत्रणेने गोळा केले जिच्यावर संशय होता. मुंबईतच १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या सुमारे ९९ चकमकींवरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रत्येक चकमकमृत्यूचा तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावीच, शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करावे आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, संबंधितांनी शस्त्रे जमा करावीत, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नये, असे त्यांत आहे. या सूचना २००६ मध्ये असत्या आणि पाळल्या गेल्या असत्या, तर भावाला पहिली पावणेतीन वर्षे फक्त गुन्हा नोंदवून घेण्यासाठी झगडावे लागले नसते. आज त्या आहेत. म्हणून असे प्रकरण हाती आले तर वकिलाचे पहिले काम म्हणजे सोळापैकी कोणती सूचना कोणत्या तारखेला पाळली गेली, हे लेखी विचारणे.

दुसरी गोष्ट ठाण्यातील कॅमेऱ्यांची. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी आणि मार्गिका यांसह सर्वत्र ध्वनीसह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. ताबा सिद्ध करण्यासाठी या प्रकरणात वर्षानुवर्षे जे झगडावे लागले ते चित्रणाच्या एका तासात निकाली निघाले असते. पण चित्रण आपोआप पुसले जाते. ते जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच आठवड्यात, ठाण्याचे नाव, तारीख आणि तास नमूद करून व्हायला हवी, आणि ती नाकारली गेली तर लगेच न्यायालयात जायला हवे.

यात प्रामाणिक पोलिसाचेही हित आहे, हे मी नुसते समतोल साधण्यासाठी म्हणत नाही. खऱ्या हल्ल्याला खऱ्या बचावाने उत्तर देणारे अधिकारी असतात, आणि कधीकधी त्यांना तो निर्णय पापणी लवायच्या आत घ्यावा लागतो. त्यांचा बचाव सर्वांत भक्कम होतो तो स्वतंत्र तपासाने, घटनास्थळाच्या चित्रणाने आणि मृताच्या हातावरील बारुदाच्या अंशांनी. प्रत्येक चकमकीची हकीकत त्याच त्या शब्दांत लिहिली जाते तेव्हा खरी चकमकही खोटी वाटू लागते, आणि त्याची झळ जोखीम पत्करणाऱ्यालाच बसते.

तिसरी गोष्ट साक्षीदाराची, आणि तिच्यावर मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते. या खटल्याचा पाया ज्याच्या डोळ्यांवर उभा होता तो माणूस घटनेनंतर चार वर्षांहून अधिक काळ जिवंत होता. न्यायालयापुढे शपथेवर आणि उलटतपासणीसह नोंदवलेली साक्षच पूर्ण वजनाचा पुरावा ठरते, आणि ती नोंदवण्याआधीच तो गेला. त्या चार वर्षांत त्याची साक्ष लवकर व्हावी यासाठी खटला जलद चालवण्याचा आग्रह व्हायला हवा होता. त्याला आरोपींच्या खात्याबाहेरचे संरक्षण मिळायला हवे होते, कारण त्याला ज्यांच्यापासून धोका होता त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्याचे रक्षण करायचे हा विचारच चुकीचा होता. पुढे महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला, आणि ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. धोक्याचा अहवाल घेऊन जिल्ह्यातील सक्षम अधिकारी संरक्षणाचा आदेश देतो, ओळख लपवणे आणि दुसरीकडे वास्तव्य या तरतुदीही तीत आहेत. परंतु धोक्याचा तो अहवाल तयार करणारे अधिकारीही पोलीसच असतात. आरोपी पोलीस असतील तेव्हा हा अहवाल दुसऱ्या यंत्रणेकडून मागवावा, असा अर्ज वकिलाने पहिल्याच दिवशी द्यावा.

मार्च २०२४ च्या निकालात उच्च न्यायालयाने या साक्षीदाराच्या खुनाबद्दल तीव्र खंत व्यक्त केली. भावाच्या खुनाची शिक्षा कायम झाली त्या दिवसापर्यंत, म्हणजे साक्षीदार नाहीसा झाल्याला तेरा वर्षे होऊनही, त्याला मारणाऱ्यांविरुद्ध खटला उभा राहिलेला नव्हता.